साहेबांच्या गाडीचा रकाना

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत अगदी टोकाला एक रंगाचा कारखाना होता. त्याच्या मोठ्या फाटकावर दामाजी धाकू तांडेल अकरा वर्षं उभा होता. उभा म्हणजे खरोखर उभा. बसायला स्टूल दिलेलं होतं, पण त्या स्टुलावर त्याचं रजिस्टर बसायचं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, जाडजूड, आणि आत त्यानं स्वतः पट्टीनं आखलेले रकाने: वेळ, कोण, कुठून, काय आणलं, काय आढळलं, सही.

दामाजी मूळचा खाडीवरचा कोळी. बापाची होडी मोठागावच्या बंदरात लागायची. पुढं खाडीत मासळी कमी आणि फेस जास्त दिसायला लागला, तेव्हा त्यानं जाळं माळ्यावर टाकलं आणि खाकी चढवली. मिशी मात्र होडीवरचीच राहिली. बायको भागीरथी डोंबिवलीच्या बाजारात म्हावरं विकायची आणि नवऱ्याच्या खाकीपेक्षा आपल्या टोपलीचा तोरा जास्त मिरवायची, आणि ते बरोबरच होतं.

"माज्या फाटकातून खिला पन बाहेर जानार नाय," हे दामाजीचं पेटंट वाक्य. ते खोटं नव्हतं. भाताच्या थराखाली दडवलेली तांब्याची तार त्यानं डब्यातून काढली होती. पेंढ्याखाली झाकलेलं रंगाचं पिंप टेम्पोतून उतरवून घेतलं होतं. युनियनच्या पुढाऱ्याची पिशवीसुद्धा तो उलटी करायचा, आणि पुढारी बोंबलला तर म्हणायचा, "बोंबला, बोंबला, पन तेवढी सही करा."

फक्त एका गाडीला सूट होती. कारखान्याच्या मोठ्या साहेबांची, मोकाशींची, पांढरी गाडी वळणावर आली आणि ड्रायव्हर दगडूनं हॉर्न दिला की दामाजी धावायचा, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडायचा, टाच जुळवून सलाम ठोकायचा. गाडी थांबायचीच नाही. रजिस्टरात वेळ लिहायचा, 'मा. मोकाशी साहेब' लिहायचा, आणि पुढचे रकाने कोरे सोडायचा. असं कर म्हणून त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. साहेबांची डिकी उघडायची असते, हे त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं. आपल्याकडं हे कोणाच्याच मनात येत नाही.

एकोणीसशे एक्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एक सरकारी कागद कारखान्यात आला. सरकारी कागद म्हटला की आमच्याकडं त्याला दोनच वाटा: फाइल नाहीतर भेळ. हा कागद तिसरीकडं गेला. नोटीस बोर्डावर लावायला म्हणून तो दामाजीकडं दिला, त्यानं न वाचता चार टाचण्या मारून लावला, आणि दुपारी डबा घेऊन आलेल्या त्याच्या मुलीनं तो उभ्यानं दोनदा वाचला.

मुलीचं नाव हेमा. बारावी झालेली, बाजारात आईशेजारी बसून हिशेब तोंडी करणारी, बोलायला कमी आणि हट्टाला जास्त.

"बाबा, यो कागद तुमी वाचलाव?"

"मी लावलाय. वाचायचा काम माजा नाय."

योजना अशी होती. वसाहतीच्या आसपासच्या गावांतल्या बारावी पास मुलामुलींना ठाण्यात सहा महिने कॉम्प्युटरचं शिक्षण फुकट. वर महिन्याला अडीचशे रुपये विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचा पास. त्यानंतर सहा महिने एखाद्या कारखान्यात उमेदवारी. उमेदवाराला पुढं कायम केलं तर पहिल्या वर्षाचा अर्धा पगार सरकार कारखान्याला देणार. अट एकच, पण टोकदार: उमेदवारीच्या शेवटी कारखान्याच्या साहेबांनी अहवालात 'योग्य' असं लिहिलं तरच प्रमाणपत्र, नाहीतर सगळं वर्ष पाण्यात. आणि ज्या गावची पहिली उमेदवार पास होईल, त्या गावाला पुढच्या वर्षी चार जागा.

शिकायच्या विषयांत शेवटचा होता 'संगणकातील माहितीची राखण'. बाकी काही नाही, पण राखण हा शब्द दामाजीला कळला. त्यानं फॉर्मवर सही केली ती ढब्बू अक्षरात, आणि गावभर सांगत सुटला, "पोरगी माज्याच लाइनीत चाललीय."

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरायचा. शिकवायला उत्तरा दामले नावाच्या बाई होत्या. आवाज बारीक, शिस्त जाड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फ्लॉपी नावाची ती काळी चौकोनी चकती वर धरली आणि म्हणाल्या, "बाहेरून आलेली कुठलीही फ्लॉपी सरळ कामाच्या मशीनमध्ये घालायची नाही. हिच्यातून व्हायरस येतो, आणि तो आत शिरला की वर्षभराची माहिती पुसून टाकतो. आधी बाजूला ठेवलेल्या मशीनवर तपासायची. आणि नीट ऐका, ज्याला कोणी तपासत नाही, त्याच्याकडूनच घाण आत येते. त्या बिचाऱ्याला स्वतःलाही माहीत नसतं."

हेमानं घरी येऊन हे आईला समजावून सांगायला घेतलं. फ्लॉपी, मशीन, मशीनच्या आतलं मशीन, हातवारे करून करून ती दमली. भागीरथी कोलंबी सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

"म्हंजे कल्ले उघडून बगायचं," ती म्हणाली.

हेमा हसायलाच लागली. सहा महिन्यांचा विषय आईनं कोलंबीच्या एका सालात गुंडाळला होता. भागीरथी रोज सकाळी घाऊक माल घ्यायची तो सख्ख्या भावाकडून, चंदूकडून. पण भाऊ असो की देव असो, प्रत्येक माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलून, आत लाल आहे की काळवंडलाय हे बघितल्याशिवाय मासा तिच्या टोपलीत पडायचा नाही. नव्या कोळणी चंदूमामाला विचारायच्या, "सख्खी बहीन तुज्यावर विस्वास ठेवत नाय?" तर चंदूमामा छाती काढून सांगायचा, "भागीरथीनं बगून घेतलाय तो माल. आता तुमी डोले झाकून घ्या."

सहा महिने संपले. हेमा वर्गात दुसरी आली आणि उमेदवारीला नेमकी बापाच्या कारखान्यात लागली. मोकाशी साहेबांनी तिला घेतलं ते सरकार पैसे देतंय म्हणून, यात गुपित काही नव्हतं. ते मुलाखतीतच म्हणाले होते, "फुकट मिळतेय तर बघू."

कॉम्प्युटरची खोली पहिल्या मजल्यावर होती. काचेचं दार, आत गारेगार एसी, तीन मशीनं, आणि दाराबाहेर पाटी: 'पादत्राणे येथे काढावीत.' धूळ आत जाऊ नये म्हणून. दामाजीला त्या पाटीचं फार कौतुक. साहेबसुद्धा तिथं वाकून बूट काढतात, हे त्यानं मोठागावात इतक्या वेळा सांगितलं की लोक त्याला बघून वाट बदलायला लागले. "आमच्या हेमेच्या दारात," असं तो सुरुवातीला लावायचा. वास्तविक खोली लेखा विभागाच्या सरोजबाईंच्या हाताखाली होती. पण बाप सांगत असताना एवढं काय मोजायचं.

हेमानं आल्या आल्या एक काम केलं. अडगळीत पडलेलं चौथं मशीन पुसून चालू केलं आणि दाराशी मांडलं, बाकीच्यांपासून वेगळं. बाहेरून आलेली प्रत्येक फ्लॉपी आधी त्यात. तपासून झाली की तिच्यावर छोटी हिरवी चिठ्ठी, तारीख आणि सही. मग बापाकडं जाऊन म्हणाली, "बाबा, एक कोरा रजिस्टर द्या. तुमच्यासारकाच."

दामाजीनं नवं रजिस्टर काढलं, पट्टी घेतली, आणि फाटकावरचे तेच रकाने तिला आखून दिले. वेळ, कोण, कुठून, काय आणलं, काय आढळलं, सही. रेघ एकही वाकडी आली नाही. त्या दिवशी तो सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेला. बसायचं विसरला.

पाच महिन्यांत तिच्या रजिस्टरात दोनशेच्या वर नोंदी झाल्या. त्यांतल्या तीन फ्लॉप्यांत खरोखर व्हायरस सापडला होता. सरोजबाई आधी कुरकुरल्या, तीन सापडल्यावर गप्प झाल्या.

आणि मग, उमेदवारी संपायला तीन आठवडे उरलेले असताना, मोकाशी साहेब वर आले.

बूट काढले, आत आले, खिशातून फ्लॉपी काढली. "हे दरपत्रक आहे. पार्टी साडेबाराला येतेय. मोठ्या मशीनवर घाल आणि चार प्रती काढ."

हेमा उठून उभी राहिली. तिनं फ्लॉपी दोन्ही हातांत घेतली आणि दाराजवळच्या मशीनकडं वळली.

"तिकडे कुठे?"

"तपासायला, सर. दहा मिनिटं लागतील."

"ही माझी आहे."

"हो सर. सगळ्यांच्या तपासतो आम्ही."

सरोजबाईंनी टेबलाखालून तिचा ओढणीचा पदर ओढला. साहेबांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. शिव्या देणाऱ्यातले ते नव्हते. ते हळू बोलायला लागले की लोक घाबरायचे, आणि आता ते हळू बोलले. "तांडेलला वर बोलव."

शिपाई धावला. दामाजी फाटक दुसऱ्याच्या ताब्यात देऊन वर आला. अकरा वर्षांत तो या मजल्यावर पहिल्यांदा येत होता. पाटी वाचून त्यानं बूट काढले, ते साहेबांच्या बुटांपासून हातभर लांब ठेवले, आणि आत येऊन सलाम केला. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं, ते दिसू नये म्हणून एक पाय दुसऱ्यामागं घेतला.

"तांडेल, किती वर्षं तू माझी गाडी आत घेतोस?"

"अकरा, साहेब."

"कधी थांबवलीस?"

"छे, साहेब! कशी थांबवीन?"

"मग तुझ्या मुलीला समजाव. तिला माझी फ्लॉपी तपासायची आहे. आणि तिचा अहवाल या महिनाअखेरीला मलाच लिहायचा आहे, हेही समजाव."

दामाजीनं मुलीकडं बघितलं. टेबलावर तिचं रजिस्टर उघडं होतं. त्याच्याच हातचे रकाने, तिच्या हातच्या नोंदी, वरपासून खालपर्यंत एकही घर रिकामं नाही. त्याला ते दिसलं. दिसूनही तो म्हणाला, "हेमे, साहेबांची हाय गो. दे ना घालून."

हेमानं बापाकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

"बाबा, दहा मिनिटं," ती म्हणाली, आणि तिनं फ्लॉपी दाराजवळच्या मशीनमध्ये घातली.

त्या दहा मिनिटांत खोलीत कोणी बसलं नाही. मशीन घुर्र घुर्र करत राहिलं. पडद्यावर एकेक ओळ वर सरकली. शेवटी हेमानं फ्लॉपी बाहेर काढली, हिरवी चिठ्ठी लावली, आणि रजिस्टरात लिहिलं: काही आढळले नाही.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "काही नव्हतं ना? दहा मिनिटं फुकट घालवलीस."

"सर, माझी आई रोज शंभर माशांचे कल्ले बघते," हेमा म्हणाली. "नव्व्याण्णव ताजेच असतात." आणि तिनं रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. "इथं सही, सर."

साहेबांनी सही केली. पेन टेबलावर टाकलं, आवाज व्हावा असं टाकलं. चार प्रती निघाल्या, त्या घेऊन ते गेले. दामाजी आपले बूट हातात घेऊन जिना उतरला आणि खाली आल्यावर घातले.

संध्याकाळी घरी त्यानं भागीरथीला सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "वरीस गेला पोरीचा. साहेब आता काय लिवनार? गावच्या चार पोरींचा पन गेला. मी तिला बोललो, दे घालून, तर आयकली नाय."

भागीरथीनं हातातली पळी खाली ठेवली. "तुमी असा बोललाव? तिथं? सगल्यांसमोर?"

"साहेब हाय तो, भागी!"

"आनि चंदू माजा भाव हाय. सख्खा. वीस वर्सं त्याचे म्हावऱ्याचे कल्ले उघडतंय मी, येक दिवस रागावला नाय. राग त्याला येतो ज्याचा माल खराब असतो." तिनं पळी पुन्हा उचलली. "पोरीला राखनीला पाठवलाव, आनि राखन केली तर बोलताव, नको करूस?"

आतल्या खोलीत हेमा होती. ती बाहेर आली नाही. तिनं बापाला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच दामाजीला लागलं. जेवणात त्याचं लक्ष लागेना. आयुष्यभर दुसऱ्याच्या पिशव्या उलट्या करणाऱ्या माणसाला आज कोणीतरी त्याचीच पिशवी उलटी करून दाखवली होती. अकरा वर्षं ज्याचा तोरा मिरवला, त्या रजिस्टरात रोज एक ओळ अर्धी होती. पोरीच्या रजिस्टरात एकही नव्हती. पोरीला आलेली विद्या ठाण्याची असेल, पण रकाने त्याचे होते, आणि ते भरायची हिंमत तिच्यात होती. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, खूप खोल, असा काही अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते मिरचीच्या नावावर खपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वळणावर हॉर्न वाजला.

दामाजी धावला नाही. त्यानं फाटकाचं एकच दार उघडलं आणि रजिस्टर घेऊन त्या उघड्या दारात मधोमध उभा राहिला. दगडूनं पुन्हा हॉर्न दिला. मग डोकं बाहेर काढलं. "अरे ए तांडेल, सटकलाय काय तू? साहेब आहेत आत!"

"दिसतंय," दामाजी म्हणाला. गाडी थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा थांबली. मागं शिफ्टच्या कामगारांच्या सायकली थबकल्या. दामाजी मागच्या काचेजवळ गेला, टाच जुळवली, सलाम ठोकला. सलाम नेहमीपेक्षा कडक होता. मग म्हणाला, "साहेब, डिकी."

काच खाली आली. "काय म्हणालास?"

नोकरी, पोरीचा अहवाल, सगळं त्या एका काचेच्या पलीकडं बसलं होतं. तरी तो हलला नाही. "डिकी बगायची हाय, साहेब. सगल्यांची बगतो."

"कोणी सांगितलं तुला? मुलीनं?"

"नाय साहेब. ती बोललीच नाय." त्यानं रजिस्टर काचेपुढं धरलं. "ह्यो बगा, रकाना हाय. मीच आखलाय. अकरा वर्सं तुमच्या नावापुढं कोराच सोडला. चूक माजी हाय."

मोकाशी साहेबांनी रकान्यावरून नजर फिरवली. मग त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, दगडूकडून किल्ली घेतली आणि स्वतःच्या हातानं डिकी उघडली. आत एक स्टेपनी होती, एक छत्री होती आणि बायकोनं दळायला दिलेला गव्हाचा डबा होता, जो बहुधा चार दिवस तिथंच होता. मागं कामगारांत कोणीतरी फिस्सकन हसलं. दामाजी हसला नाही. त्यानं लिहिलं: स्टेपनी एक, छत्री एक, गहू डबा एक. काही आढळले नाही. आणि पेन पुढं केलं.

साहेबांनी सही केली. या वेळी पेन टाकलं नाही, हातात दिलं. ते गाडीत बसले. दामाजीनं दुसरं दार उघडलं आणि गाडी आत गेली.

त्यानंतर रोज गाडी थांबायची. डिकी, नोंद, सही. असे तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत दामाजीची झोप उडाली, वजन उतरलं, पण रकाना एक दिवस कोरा राहिला नाही.

महिनाअखेरीला अहवाल बंद पाकिटातून ठाण्याला गेला. आत काय लिहिलंय, कोणाला ठाऊक नाही. निकालाच्या दिवशी दामाजीनं रजा टाकली, कडक इस्त्रीची खाकीच घातली, कारण त्याहून चांगला कपडा त्याच्याकडं नव्हता. भागीरथी नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोली माळून आली. कोर्टनाक्याच्या त्या वर्गात मागच्या बाकावर दोघं बसली. उत्तराबाई एकेक नाव घेत होत्या, अहवालातला शेरा वाचत होत्या, प्रमाणपत्र देत होत्या. दोघांच्या शेऱ्यात 'अयोग्य' आलं. ती मुलं मान खाली घालून बसली. भागीरथीनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"हेमा दामाजी तांडेल," बाईंनी पाकीट फोडलं. आधी मनात वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "हा शेरा मी पूर्ण वाचते."

त्यांनी वाचला. "या मुलीने माझीसुद्धा फ्लॉपी तपासली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी माझी गाडी तपासली. त्या दिवशी मला राग आला होता. नंतर मी ती फ्लॉपी जिथून आणली त्या आमच्या मुंबईच्या ऑफिसातली मशीने तपासून घेतली, तर चारपैकी दोनांत व्हायरस निघाला. माझी फ्लॉपी वाचली ती निव्वळ नशिबाने. आता आमच्याकडून कोणाला दरपत्रक जाते तेव्हा मी सांगतो, हे तांडेलबाईंनी बघितलेले आहे. योग्य. कायम करीत आहे. तिच्या गावच्या चारही जागा द्याव्यात, त्यांतले दोन उमेदवार आम्ही घेऊ."

वर्गात टाळ्या वाजल्या. दामाजीला त्या ऐकू आल्या नाहीत. तो नुसता बायकोकडं बघत होता. भागीरथी डोळे पुसत पुसत म्हणाली, "बगा! चंदू पन असाच बोलतो."

पहिल्या तारखेला हेमा कायम नोकर म्हणून कारखान्यात आली. सकाळी नऊला, शिफ्टच्या गर्दीत, रांगेत. तिच्या मागं सरोजबाई, पुढं पिंप धुणारे दोन कामगार. तिची पाळी आली. दामाजी काही म्हणायच्या आत तिनं पिशवी उघडून त्याच्यापुढं धरली.

त्यानं पिशवी नीट बघितली. डब्याचं झाकण काढून बघितलं. वरणभात आणि तळलेली मांदेली, जी त्यानंच सकाळी बांधून दिली होती. झाकण लावलं. रजिस्टरात सावकाश, ढब्बू अक्षरात लिहिलं: ९.०२. कु. हेमा दामाजी तांडेल, संगणक विभाग. मोठागाव. डबा एक. काही आढळले नाही.

हेमानं सही केली.

मग रांगेतल्या सगळ्यांच्या देखत दामाजीनं फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, टाच जुळवली, आणि पोरीला सलाम ठोकला.